अठ्ठावीस मिनिटांची थाळी

‘झटपट थाळीत काय एवढं असतं?’ हा प्रश्न मला आजवर ज्यांनी विचारला त्यांची मी यादी ठेवली आहे. त्यात बँकेचे एक साहेब आहेत, दोन इंटिरियरवाले आहेत, माझा सख्खा दीर आहे आणि नव्यानं हॉटेल काढायला निघालेली सहा तरुण मंडळी आहेत. सगळ्यांचं मत एकच. ताट वाढायचं, पैसे घ्यायचे, माणूस उठला की पुढचा बसवायचा. दुपारचा धंदा म्हणजे आयती कमाई. या सगळ्यांना मी दर वेळी तोंडी उत्तर देत आले. आता एकदाच लिहून देते.

पुणे-बंगळूर हायवेच्या कडेला, शिरोलीच्या कारखान्यांच्या अलीकडे एक हॉटेल आहे. तिथे मी एकोणीस वर्षं मॅनेजर होते. हॉटेलचं नाव लिहीत नाही. मालकांना सगळे दादा म्हणायचे, मीही इथे दादाच म्हणते. गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. वयामुळे सोडली नाही, आणि घरच्या अडचणीमुळेही नाही.

आधी धंदा समजून घ्या. हॉटेलचं भाडं दुपारी झोपत नाही. आचारी अकराला येतो, संध्याकाळचं वाटण दुपारीच पडतं, शेगड्या पेटलेल्या असतात, पंखे फिरत असतात. गिऱ्हाईक आलं नाही तरी हा सगळा खर्च होतोच. मग टेबलं रिकामी कशाला ठेवायची, म्हणून दुपारी स्वस्तात थाळी द्यायची. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पुढचं कुणाला ऐकायचं नसतं. स्वस्त थाळीत एका ताटामागे सगळं वजा करून सुटतात ते एका चहाचे पैसे. तेवढ्यावर धंदा चालवायचा तर बारा ते अडीच या वेळात प्रत्येक टेबल चार वेळा भरावं लागतं. चार वेळा भरलं तर थाळी कमावते. तीनच वेळा भरलं तर आपण पदरमोड करून लोकांना जेवू घालतो.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे फौंड्रीतले सुपरवायझर, मशीनशॉपमधली माणसं, ट्रान्सपोर्टचे कारकून. त्यांची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यामुळे त्यांचं घड्याळ आणि आमचं घड्याळ एकच होतं. मी बसून, उठून, ताटं मोजून हिशेब बसवला: माणूस बसल्यापासून उठेपर्यंत अठ्ठावीस मिनिटं, दोन मिनिटं टेबल पुसायला. मग त्या अठ्ठावीस मिनिटांच्या आड येणारं एकेक मी काढून टाकलं. मेनूकार्ड काढलं, कारण माणूस पाच मिनिटं ते वाचतो आणि शेवटी म्हणतो, ‘थाळीच द्या.’ थाळ्या दोनच ठेवल्या. पाणी, कांदा, लिंबू, खर्डा माणूस बसायच्या आधी टेबलावर. एका शहाण्यानं मला रस्सा मोजून द्यायचा सल्ला दिला होता. कोल्हापुरात रस्सा मोजणाऱ्या हॉटेलाचं काय होतं ते त्याला बहुतेक ठाऊक नसावं. तांबडा आणि पांढरा आम्ही मागेल तेवढा वाढला आणि त्यानं आमचं कधीही नुकसान झालं नाही.

जेवणाऱ्याला ‘उठा’ मात्र म्हणता येत नाही. एकदा विम्याच्या कामाचे तिघे जण ताटं बाजूला सारून फायली पसरून बसले. पाऊण तास झाला. दारात माणसं उभी. आमचा वाढपी शंकर वीस वर्षं हॉटेलात असलेला जुना माणूस. तो अगदी अदबीनं जाऊन वाकला.

“साहेब, रात्रीचं ताट पण हितंच लावू का? म्हंजे हेलपाटा नको.”

तिघे हसत उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि वेळेत उठले.

तर सगळ्याचा बंदोबस्त झाला होता, एक गोष्ट सोडून. भात डब्यात राहतो, रस्सा पातेल्यात राहतो, चपाती कापडात गुंडाळून दोन तास मऊ राहते. भाकरी राहत नाही. ती तव्यावरून ताटातच पडावी लागते. आमच्याकडच्या माणसाला गार भाकरी वाढली तर तो भांडत बसत नाही. तो उद्यापासून येत नाही. आणि भाकरी एकदम दोन वाढूनही चालत नाही, कारण पहिली संपेपर्यंत दुसरी गार होते. झटपट थाळीचा सगळा नफा या दुसऱ्या भाकरीवर उभा असतो. ती माणसाचा हात रिकामा व्हायच्या वेळेला आली तर अठ्ठावीस मिनिटं. नाही आली तर कितीही.

आमच्या भाकऱ्या इंदू मावशी करायच्या. इंदूबाई कांबळे, राहणार कोडोली. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. रोज सकाळच्या एस.टी.नं यायच्या. पहिल्या दिवशी मी पगाराचं बोलायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं.

“पगाराचं मागनं बोलू, मॅडम. आदी मी बसायचं कुटं त्ये दावा.”

मी मागच्या भिंतीजवळची मोकळी जागा दाखवली. त्यांनी मान हलवली.

“तितं न्हाय. हितं बसतो मी.”

आमच्या भागातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल ‘बसतो, येतो’ असंच बोलतात. मावशींनी दाखवलेली जागा स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधली होती. तिथे भिंत नव्हती, नुसता गुडघ्याएवढा कट्टा होता. मला वाटलं, वाऱ्याला बसायचं असेल. बसू दे म्हटलं. मावशी थापणार, हाताखालच्या दोघी भाजणार, चार तवे. असं काम सुरू झालं.

जेवणाच्या वेळी त्या बाजूनं मावशींचा आवाज सतत यायचा. “तीनला एक टाका. सातला दोन. एकला नको, त्येचं झालं.” शंकर भाकऱ्या उचलून न्यायचा. नऊ टेबलं आणि छत्तीस माणसं, पण कुणी हात वर करून ‘भाकरी’ म्हणून ओरडतंय असं सहसा व्हायचं नाही. मी काउंटरवर बसून चार वर्षं हे ऐकलं. मला वाटायचं, शंकर ऑर्डर सांगतो आणि मावशी ती पुन्हा म्हणतात.

कधी कधी त्या काहीतरी जास्तीचं बोलायच्या. एकदा मी शेजारी उभी असताना शंकरला म्हणाल्या, “निळ्या शर्टाला आर्धी मोडून दिऊ नको. आख्खी दे.”

“पण ते दीडच खातात, मावशी.”

“दीडच खातोय. राहिलेली आर्धी रुमालात बांदून नेतोय. घरात बाईमाणूस नसंल त्येच्या. आन् जरा मोठी केलीया, गप ने.”

मी ऐकून हसले आणि हजेरीपुस्तकाकडे वळले. एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, याचा आता राग येतो.

पुढे एका कंपनीचे मोठे साहेब एकदा जेवून गेले आणि जाताना दादांना म्हणाले, “जेवण झकास, पण घाम फार येतो बुवा.” झालं. दादांच्या डोक्यात एसी शिरला.

“मॅडम, हापिसर लोकं आली पायजेत. नुस्त्या कामगारांवर किती दिवस काढायचं?”

“दादा, या कामगारांच्या ताटांवरच एसीचा हप्ता जाणार आहे,” मी म्हटलं.

“म्हणून काय त्यांनी घामातच जेवायचं?” दादा म्हणाले. मी विषय सोडला आणि हिशेबाकडे वळले. सोडायला नको होता.

एसीची हवा स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून कट्ट्याच्या जागी छतापर्यंत प्लायवूडची भिंत उभी राहिली. येण्याजाण्यासाठी एका कडेला झुलतं दार. काम चालू असताना मावशी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या.

“दादा, मधी एक खिडकी ठिवा की.”

“मावशी, धूर बाहेर येतोय, हवा आत जातीया. तुम्ही भाकरीकडं बघा. खिडकीतनं काय बघायचं हाय तुम्हाला?”

सुतार हसला, शंकर हसला, आणि मीही हसले.

भिंत झाली आणि पहिल्याच आठवड्यात गाडं बिघडलं. आता माणसाचा हात रिकामा झालेला आधी शंकरला दिसायचा. मग तो दार ढकलून आत जायचा, ओरडायचा, भाकरी थापून भाजून होईपर्यंत थांबायचा, परत यायचा. तोवर दुसऱ्या टेबलावर दोन हात रिकामे झालेले असायचे. मावशींनी अंदाजानं भाकऱ्या करून ठेवल्या तर त्या गार व्हायच्या आणि परत यायच्या. लोक ताटात रस्सा घेऊन दाराकडे बघत बसायचे. सुट्टी संपायला आली की नाइलाजानं भात कालवायचे, चार घास घाईनं गिळायचे आणि जायचे. थंडगार हवेत, कपाळावर आठ्या घेऊन.

मी वही काढली. अडचण आली की मी वहीच काढते. टेबल नंबर, किती वाजता बसले, पहिली भाकरी कधी, दुसरी कधी, किती वाजता उठले. आणि शेवटच्या रकान्यावर मी मथळा लिहिला: ‘मावशींचा उशीर’. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होते आणि स्वतःला फार शिस्तीची समजत होते. उशीर किती होतो हे मी घड्याळ लावून मोजलं होतं. तो मावशींचा आहे हे मात्र मी मोजलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं. त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

दादांनी ती वही एका दुपारी काउंटरवरून उचलली आणि अडीचनंतर सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, सगळे उभे. दादांनी मोठ्यानं वाचलं.

“मावशींचा उशीर, टेबल तीन, अकरा मिनिटं. मावशींचा उशीर, टेबल आठ, बारा मिनिटं.” वही मिटून ते म्हणाले, “मावशी, वय झालं तुमचं. हात चालंना झालाय. दिवाळीपर्यंत बघतो. न्हायतर भाकरी बंद, चपातीच ठेवतो. मग तुमचं काय काम राहणार हितं, तुम्हीच सांगा.”

मावशींनी दादांकडे बघितलंच नाही. त्या माझ्यासमोर आल्या.

“ह्ये तुमी लिवलंय व्हय, मॅडम?”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन दुसऱ्या दिवशीचं पीठ चाळायला बसल्या.

दिवाळीला तेव्हा दोन महिने होते. त्या वयाच्या बाईला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? मंगल कार्यालयाची कामं लग्नसराईपुरती. कोडोलीत घरची शेती म्हणायला होती, पण ती दिरांमध्ये वाटलेली. त्यांची या हॉटेलातली जागा माझ्या एका मथळ्यावर जाणार होती.

मग एका बुधवारी त्या झुलत्या दाराचं बिजागर निखळलं. सुतार दार काढून घेऊन गेला, दिवसभर दाराची चौकट उघडी राहिली, दादा एसीच्या हवेसाठी हळहळत राहिले. चार वाजता मी सवयीप्रमाणे वही बघायला बसले आणि थांबले. एक ते पाच नंबरची टेबलं अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटांत उठली होती. सहा ते नऊ नंबरची नेहमीसारखी चाळीस मिनिटं घेऊन. तीच बाई, तेच पीठ, तोच शंकर, एकच दुपार. मी आकडे दोनदा तपासले. मग वही तशीच घेऊन आत गेले.

“मावशी, जरा उठा.”

त्या उठल्या. मी त्यांच्या पाटावर बसले आणि त्या बघतात तशी बाहेर बघितलं. उघड्या दारातून पाच टेबलं दिसत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. सहापासून पुढे भिंत.

“तुम्ही ऑर्डर ऐकून भाकरी टाकत नव्हता,” मी म्हटलं.

“ऑर्डर कुणाची? जेवणारा माणूस सांगतोय व्हय, आता माझी भाकरी संपत आलीया म्हणून? दिसतंय की.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“खिडकी ठिवा म्हणलो की. समदी हासला.” त्यांनी परातीतला गोळा उचलला. “मला वाटलं, तुमास्नी ठावं असंल. डोळं मिटून कोन भाकरी करतंय?”

चार वर्षं ही बाई नऊ टेबलांवरच्या छत्तीस ताटांवर नजर ठेवून, कोण किती खाणार, कुणाची कधी संपणार, हे ओळखून माणसानं मागायच्या आत भाकरी टाकत होती. आमच्या थाळीत जो काही नफा होता तो या नजरेत होता. आणि आम्ही एसीच्या हवेसाठी त्या नजरेपुढे प्लायवूड ठोकलं होतं, वर पुन्हा तिलाच म्हातारी ठरवलं होतं.

दादांना मी वही दाखवली. त्यांचं एका शब्दाचं उत्तर होतं, “योगायोग.”

“ठीक आहे. उद्यापासून तीन दिवस दार काढूनच ठेवते.”

तीन दिवस ठेवलं. तीनही दिवस पहिली पाच टेबलं चार-चार वेळा भरली आणि बाकीची चार तीन-तीन वेळा. चौथ्या दिवशी मी गल्ल्याचे आकडे टेबलांप्रमाणे वेगळे करून दादांपुढे ठेवले. माणसावर विश्वास नसला तरी गल्ल्यावर असतो. “करा काय करायचं ते,” दादा म्हणाले, “पण काच बसवा. हवा जायला नको.”

भिंतीला हातभर उंचीची, चांगली सहा फूट लांब काच बसली. बोलायला कडेला एक झरोका. त्याच दिवशी मी वहीतला जुना मथळा खोडला, त्या जागी ‘भिंतीचा उशीर’ असं लिहिलं आणि मावशींना दाखवायला नेलं. त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. मी बोट ठेवून वाचून दाखवलं.

“मला काय वाचून दावताय?” त्या म्हणाल्या. “पयलं लिवल्यालं समद्यांच्या म्होरं वाचलंतासा. ह्ये बी समद्यांच्या म्होरं वाचा.”

बरोबर होतं. अडीचनंतर मी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं आणि वाचलं. उशीर मावशींचा नव्हता, भिंतीचा होता, आणि चुकीचं मी लिहिलं होतं. आचाऱ्यानं टाळी वाजवली. दादा मोबाईलमध्ये बघत होते.

दिवाळी आली आणि गेली. मावशी राहिल्या. थाळी पुन्हा अठ्ठावीस मिनिटांवर आली. माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले सात महिने ते. इथेच हा लेख संपला असता तर मला किती बरं वाटलं असतं.

पण कुणीतरी पाहुणे एका रविवारी आले, काचेतून मावशींना भाकरी थापताना बघून खूश झाले आणि त्यांनी मोबाईलवर चित्रण करून ते इंटरनेटवर टाकलं. ते लोकांनी पुष्कळ बघितलं. आठवड्यात दादा एक मोठी पिशवी घेऊन आले. त्यात हिरवी नऊवारी, मोत्यांची नथ आणि ‘लाईव्ह भाकरी’ अशी पाटी. काचेच्या वर तीन दिवे लागले. बाहेरच्यांना दादा सांगायला लागले, “आमची ओपन किचनची आयडिया हाय. ग्राहकाला समोर दिसलं पायजे.” माझ्या देखत सांगत होते. ती काच कुणी, का आणि किती भांडून बसवली हे ऐकणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मावशी तिथून काय बघतात हेही नाही.

मावशी चार दिवस नऊवारी नेसल्या. नथ त्यांनी पहिल्या तासातच काढून डब्यात टाकली, ती वाफेनं तापत होती. पाचव्या दिवशी त्या आल्या त्या नेहमीच्या सुती लुगड्यात.

“सुनंनं दावला त्यो व्हिडिओ,” त्या मला म्हणाल्या. “खाली लोकांनी काय काय लिवलंय ते बी वाचून दावलं. माझ्या हाताला नावं ठिवत्यात, तोंडाला नावं ठिवत्यात. मी कुणाला बोलवाय गेलतो काय, माझं तोंड बघा म्हणून?”

लोकांचं बोलणं त्यांनी कदाचित सोसलंही असतं. त्याहून मोठा प्रश्न कामाचा होता. काच होती हॉलच्या बाजूनं, आणि चित्रण करणारे उभे राहायचे काचेला लागून. चार जण, सहा जण, कधी दहा. दिवे मावशींच्या तोंडावर, मोबाईल काचेवर, आणि टेबलं त्या सगळ्यांच्या पाठीमागे. पुन्हा ‘भाकरी’ म्हणून हाका सुरू झाल्या. मी पुन्हा वही उघडली. या वेळी मथळा लिहिताना दोनदा विचार केला. आकडे मात्र तेच आले, भिंत होती तेव्हाचे.

मी दादांना म्हटलं, “काचेपुढे दोर लावू. बघायचं तर लांबून बघा.”

“मॅडम, त्या व्हिडिओवर लांबनं लांबनं लोक येत्यात. जयसिंगपूरचं कुटुंब आलतं परवा, मुद्दाम.”

“एकदा येतील, दादा. फोटो काढतील, जातील. फौंड्रीचा माणूस महिन्यातले पंचवीस दिवस येतो. तो आता डबा आणायला लागलाय. तुम्ही रविवारची गर्दी बघताय, मी मंगळवारची खुर्ची बघतेय.”

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीत तोटाच दिसतो,” दादा म्हणाले. मग दार उघडून आत जाऊन मावशींना म्हणाले, “नऊवारी न्हाय नेसायची तर न्हाय. मग आत मागं बसा, चपात्या करा. काचेपाशी दुसरी बाई आणतो.”

“आन् भाकरी?”

“ती करंल की भाकरी. तुम्हालाच येतीया व्हय फक्त?”

मावशींनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, भाजली, शंकरच्या हातात दिली. “नऊला,” म्हणाल्या. मग दादांना म्हणाल्या, “ह्यो म्हयना भरतो. चपात्या करायला मी कोडोलीस्नं येत न्हाय.”

मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. दादांशी पुन्हा बोलते म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमी बोललासा. वाचलासा बी. आता त्येला दिसंना तर काय करता?”

नव्या बाईचं नाव रेश्मा. फुलेवाडीची, तिशीतली, कामसू. भाकरी तिची सुरेख, अगदी कागदासारखी. तिच्याविषयी माझी एका अक्षराची तक्रार नाही. शेवटच्या दिवशी मावशींनी मला बोलावून घेतलं. रेश्मा तेव्हा अजून रुजू झाली नव्हती.

“त्या पोरीला सांगा, म्हंजे तिला तरास व्हायचा न्हाय. ताटाकडं बगू नको म्हणावं, हाताकडं बग. सुरवातीला माणूस मोठं तुकडं मोडतोय. तुकडा बारीक व्हाय लागला की समजायचं, पोट भरत आलंय, आता दुसरी टाकू नको. आन् जो बोलत बोलत जेवतोय त्येला उशिरा टाक. एकटा जेवणाऱ्याला लगीच. त्यो मागत न्हाय.”

मी सगळं लिहून घेतलं. ‘एकटा जेवणाऱ्याला लगेच, तो मागत नाही,’ याखाली रेघ मारली. एकोणीस वर्षांच्या माझ्या सगळ्या वह्यांमध्ये इतकं उपयोगाचं पान दुसरं नाही. मावशी साडेतीनच्या एस.टी.नं गेल्या. दादा त्या वेळी बँकेत होते.

दुसऱ्या दिवशी मी ते पान रेश्माला वाचून दाखवलं. तिनं मन लावून ऐकलं, हिरवी नऊवारी सावरत पाटावर बसली. बाराला पहिली माणसं आली, आणि त्यांच्या पाठोपाठ मोबाईलवाले. साडेबाराला शंकर ‘भाकरी, भाकरी’ करत दारातून आत-बाहेर धावायला लागला. मी आत गेले.

“रेश्मा, सांगितलं तसं बघतेस ना? हाताकडं?”

“कुनाच्या हाताकडं, मॅडम?” ती रडकुंडीला आली होती. “मला हितनं नुस्ती मोबाईलच दिसत्यात.”

मी हॉलमध्ये आले आणि काचेपुढे जाऊन उभी राहिले, रेश्मा आणि मोबाईल यांच्या मध्ये. “बाजूला व्हा,” मी म्हटलं. “मागे लोक जेवायला बसलेत.”

त्यातल्या एकानं मोबाईल खालीसुद्धा घेतला नाही. “काकू, तुम्हीच जरा बाजूला व्हा की. मधी येताय.”

मी हलले नाही. तेवढ्यात काउंटरवरून दादांची हाक आली, “मॅडम, पावण्यांना घेऊ द्या की व्हिडिओ.”

राजीनाम्याचा कागद मी महिन्याअखेरीस दिला, कारण पगारपत्रकं पूर्ण करायची होती. नोकरी मात्र मी तिथे, त्या काचेपुढे उभी असतानाच सोडली.